वजन आणि उतारा

भुईमुगाच्या हंगामात खानदेशातल्या बाजारात शेंगेची परीक्षा अडत्याच्या ओट्यावरच व्हायची. पोत्यात हात खुपसून मूठभर शेंगा काढायच्या, कानाजवळ नेऊन खुळखुळवायच्या, दोन-चार फोडायच्या. दाणा अंगठ्याने चोळून त्याची टरफली उडवायची आणि मग तो दाढेखाली धरायचा. कट्‌कन तुटला तर वाळलेला, दबला तर ओला. जिभेवर तेल किती उतरतं यावरून भावाचा अंदाज. वर्षानुवर्षं हेच काम केलेल्या माणसाचा हा अंदाज बऱ्याचदा बरोबरही येत असे. अडचण एवढीच, की तो अंदाज एकट्याचा होता. शेतकऱ्याला तो तपासता येत नव्हता, आणि ज्या गिरणीसाठी माल घेतला जायचा त्या गिरणीच्या मालकालाही येत नव्हता.

भाव ठरण्याची तऱ्हाही अशीच झाकलेली. अडत्या आणि खरीददार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा करायचे, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघत राहायचा. पुढे काट्यावर कडता कापला जायचा: पोत्याचा, मातीचा, ओलीचा, धर्मादायाचा. 1927 चा मुंबई कापूस बाजार कायदा, 1932 चा वजन-मापांचा कायदा आणि 1939 चा शेतमाल बाजार कायदा हे तिन्ही या व्यवहाराला शिस्त लावण्यासाठी आले. बाजार समित्या आल्या, शिक्क्याची वजनं आली, उघड लिलाव आला. खानदेशच्या आर्थिक इतिहासात या कायद्यांना मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही असं मला वाटतं. कापूस आणि भुईमूग पिकवणाऱ्या मुलखात काटा कोणाच्या हातात आहे, यावर पिढ्यांची सुबत्ता आणि कंगाली ठरत होती.

पण कायद्याने वजन खरं केलं, तरी तेलाचा उतारा दाढेखालीच राहिला.

तेलाच्या धंद्यात वजन ही अर्धीच गोष्ट असते. शंभर किलो शेंगेतून साधारण सत्तर किलो दाणा निघतो. दाण्यात तेल असतं निम्म्याच्या आसपास. हिशोब दाण्यापुरता करू. शंभर क्विंटल दाणा घेतला आणि त्यात सहा टक्के ओल असली, तर कोरडा ऐवज चौऱ्याण्णव क्विंटल, आणि निम्म्याच्या हिशोबाने तेल सत्तेचाळीस. तोच दाणा दहा टक्के ओला असेल तर कोरडा ऐवज नव्वद आणि तेल पंचेचाळीस. काट्यावर दोन्ही गाड्या सारख्याच उतरतात, पैसेही सारखेच मोजले जातात, आणि गिरणीत मात्र दोन क्विंटल तेलाचा फरक पडतो. खरीददार वाईट निघाला म्हणून हे होतं असं नाही. चार टक्क्यांचा फरक दाढेला समजत नाही.

बोरी नदीच्या काठचं अमळनेर या व्यापाराच्या ऐन वाटेवर. विसाव्या शतकाच्या तोंडावर तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी रेल्वे झाली आणि गाव मुंबई-गुजरातच्या बाजाराशी जोडलं गेलं. 1906 मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे, आणि अमळनेर पूर्व खानदेशात. प्रताप शेठजींनी इथे कापडाची गिरणी काढली, तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. त्यांच्या नावाच्या शाळेत साने गुरुजी शिकवत होते. सखाराम महाराजांच्या यात्रेचं, गिरणीच्या भोंग्याचं आणि तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानांचं असं हे गाव होतं. 29 डिसेंबर 1945 रोजी त्यात एका कंपनीची भर पडली: वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड. संस्थापक मोहम्मद हाशम प्रेमजी, तांदळाच्या व्यापारातलं मोठं नाव. माल भुईमुगाच्या तेलापासून बनवलेलं सनफ्लॉवर वनस्पती, आणि जोडीला 787 नावाचा कपड्याचा साबण. पुढच्या वर्षी कंपनीने लोकांसाठी शंभर रुपयांचे शेअर काढले.

वनस्पतीचा कारखाना म्हणजे नुसता मोठा घाणा नव्हे. शुद्ध केलेलं तेल निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन देऊन घट्ट केलं जातं. ते कोणत्या तापमानाला वितळतं, त्यातली आम्लता किती, रंग किती, हे प्रत्येक घाणीला तपासावं लागतं, नाहीतर डबा उन्हाळ्यात पातळ होतो किंवा थंडीत चमचा शिरत नाही. सरकारने आणखी एक अट घातली होती: वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचं तेल मिसळलंच पाहिजे. कारण तुपातली भेसळ. वनस्पती तुपात मिसळून विकली तर डोळ्याला कळत नाही. पण तिळाच्या तेलात असा एक घटक आहे, की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल टाकलं की ते लालभडक होतं. म्हणजे पुढे कोणी लबाडी केली तर पकडता यावी म्हणून खूण मालातच घालून ठेवलेली. मोजमापाच्या इतिहासात ही युक्ती मला फार मोलाची वाटते. इथे पाळत माणसावर नव्हती. वस्तूच आपली साक्ष बरोबर घेऊन निघत होती.

ऑगस्ट 1966 मध्ये हाशम प्रेमजी वारले. एकवीस वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेतल्या स्टॅनफर्डला अभियांत्रिकी शिकत होता. शिक्षण अर्धवट टाकून तो परत आला. भागधारकांच्या सभेत एकाने त्याला तोंडावर सांगितलं की, हा कारभार तुझ्या वयाला झेपणारा नाही, शेअर विक आणि जाणत्या माणसाच्या हाती कंपनी दे. प्रेमजींनी स्वतः ही हकीकत पुढे अनेकदा सांगितली आहे. ते मुंबईहून अमळनेरला ये-जा करू लागले. त्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल जे सांगितलं जातं, त्यात भुईमुगाच्या खरेदीची गोष्ट हमखास येते. दाणा बघून, चोळून, चावून भाव ठरवण्याची रीत त्यांनी बदलली. नमुना काढायचा, तोलायचा, ओल मोजायची, तेलाचा उतारा काढायचा आणि मग भाव बोलायचा.

या बदलाचं मोठेपण समजायला जुन्या खरीददाराच्या जागी उभं राहून बघावं लागेल. त्याचं आयुष्यभराचं कसब एका तराजूने आणि ओल मोजायच्या भट्टीने काढून घेतलं, असं त्याला वाटलं असेल, आणि त्यात खोटं काही नाही. पण त्याच मापाने चांगला, वाळवलेला, निवडलेला माल आणणाऱ्या शेतकऱ्याला बोलायला तोंड मिळतं. ‘माझा दाणा कोरडा आहे’ हे आता त्याला सिद्ध करता येतं. कारखान्याच्या आतही तेच. घाण्यातून निघालेल्या पेंडीत नेहमीपेक्षा जास्त तेल राहिलं की यंत्र झिजलं आहे किंवा दाण्याच्या तावात चूक आहे हे कळतं. पेंड तपासली म्हणजे घाण्यावरच्या माणसाला दटावण्याआधी यंत्राकडे बघावं लागतं.

भुईमुगाच्याच बाबतीत जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचं नाव घेतलंच पाहिजे. तिथून 1970 च्या दशकाच्या अखेरीस जे.एल. 24, म्हणजे फुले प्रगती, हा वाण आला. जे.एल. म्हणजे जळगाव. नव्वद दिवसांच्या आसपास तयार होणारा. एकरी किती पोती, एवढंच माप लावलं तर लांब मुदतीच्या वाणांसमोर तो मागे पडला असता. पण पावसाने लवकर पाठ फिरवली तर उभं पीक हाती लागतं का, आणि त्याच रानात दुसरं पीक घेता येतं का, ही मापं लावली तेव्हा त्याची किंमत कळली. खानदेशातला हा वाण पुढे आफ्रिकेत मलावी, झांबियापर्यंत गेला.

मापाला दुसरी बाजूही होती, आणि ती गिरणी कामगारांनी खूप आधीच अंगावर घेतली होती. 1928 मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांत दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने संपावर होते. दोनऐवजी तीन माग एका विणकराने सांभाळावेत, हा मालकांचा आग्रह सर्वांना आठवतो. मजुरीच्या मापाचा झगडा मात्र विसरला गेला. विणकराला मजुरी मिळायची ती विणलेल्या कापडाच्या वजनावर. गिरण्या जाडंभरडं सोडून तलम कापडाकडे वळू लागल्या. तलम सूत जास्त तुटतं, डोळा जास्त लावावा लागतो, वेळ जास्त जातो. आणि कापड भरतं हलकं. म्हणजे कसब आणि कष्ट वाढले, आणि त्याच काट्यावर मजुरी उतरली. जळगावची खानदेश मिल, अमळनेर-धुळ्याच्या प्रताप मिल इथल्या कामगारांना मुंबईतल्या या लढ्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. काटा खोटा नव्हता, पौंड बरोबर होते. कापडाचं मोल ज्यात होतं ते त्या काट्यावर चढतच नव्हतं.

अमळनेरची कंपनी 1970 च्या दशकात हायड्रॉलिक सिलिंडरकडे वळली, 1977 मध्ये तिच्या नावात विप्रो आलं आणि 1980 च्या दशकात ती नुसती विप्रो लिमिटेड झाली. 1978 मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला होता. संगणकाची जागा रिकामी होती. विप्रोने बंगळुरूत मिनीकॉम्प्युटर बनवायला घेतले, आणि 1990 च्या दशकात बाजार परदेशी मालाला खुला झाल्यावर सॉफ्टवेअरच्या सेवांवर भर दिला. इथे तिला असा माल भेटला ज्याचा नमुना तोलता येत नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने आज किती काम केलं? पहिलं सुचणारं माप म्हणजे ओळी. पण चांगला प्रोग्रामर शंभर ओळींचं काम वीस ओळींत करतो. ओळींवर शाबासकी दिली तर तो तलम विणायचं सोडून जाडंभरडं विणायला लागेल. दुसरं माप वेळ. आयबीएमच्या एका अवाढव्य प्रकल्पाची सूत्रं सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच बजावलं होतं की माणसं आणि महिने एकमेकांच्या बदल्यात घेता येत नाहीत. रखडलेल्या कामावर नवी माणसं आणली की ते आणखी रखडतं, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना समजावण्यात जातो. तरीही भारतातला सॉफ्टवेअरचा धंदा उभा राहिला तो मुख्यतः तासांच्या विक्रीवर. इतके इंजिनियर, इतके महिने, इतका दर. या करारात काम लवकर संपलं तर बिल कमी होतं. ओल्या दाण्याची गाडी काट्यावर जड भरते, तसाच हा प्रकार. गिऱ्हाईक पाण्याचे पैसे मोजतं, आणि ज्याने दाणा वाळवला त्याचाच तोटा होतो.

या कोंडीतून बाहेर पडायला मदत झाली ती अमेरिकेतून आलेल्या एका शिडीची. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सॉफ्टवेअर वेळेवर आणि धडपणे मिळत नव्हतं. त्यांच्या पैशावर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संस्था निघाली, आणि वॉट्स हम्फ्री यांच्या मार्गदर्शनाखाली तिने पाच पायऱ्यांची कसोटी तयार केली. ती सीएमएम नावाने ओळखली जाते. पहिल्या पायरीवर सगळं एखाद्या हुशार माणसाच्या जिवावर चालतं. तो रात्री जागतो आणि काम निभावतं. पाचव्या पायरीवर संस्था आपल्या चुका कुठे आणि का होतात हे आकड्यांनी जाणते आणि रीत सुधारत राहते. बंगळुरूत मोटोरोलाच्या केंद्राने 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धातच ही उंची गाठली होती. विप्रो 1998 मध्ये पाचव्या पायरीवर पोचली. दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांत जगात पहिली, असा तिचा दावा आहे. त्याआधी 1997 मध्ये तिने सिक्स सिग्माची पद्धत घेतली होती. मोटोरोलात 1986 मध्ये जन्मलेल्या या पद्धतीत दहा लाख संधींमागे चुका 3.4 पर्यंत आणायचं लक्ष्य असतं.

या कसोट्यांनी काय मोजलं हे बघण्यासारखं आहे. दर हजार ओळींमागे चुका किती निघाल्या. त्यातल्या आराखड्याच्या वेळी किती पकडल्या, लिहिताना किती, आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडल्यावर किती. अंदाज किती दिवसांचा होता आणि लागले किती. केलेलं काम पुन्हा किती वेळा करावं लागलं. यातलं कुठलंच माप कोण जास्त राबला हे सांगत नाही. चूक आराखड्यात पकडली तर ती एका बैठकीत निस्तरते. तीच गिऱ्हाइकाच्या यंत्रावर फुटली तर आठवडे जातात. पेंडीत राहिलेलं तेल तपासण्यासारखंच हे काम होतं. भारतीय कंपन्यांना जगाचा विश्वास मिळाला तो स्वस्त तासांमुळे, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. स्वस्त तासांनी दार उघडलं. हजारो मैल दूरच्या गिऱ्हाइकाला, ज्याला बंगळुरूतलं टेबल कधी दिसणार नव्हतं, पुन्हापुन्हा यावंसं वाटलं ते या चुकांच्या हिशोबामुळे.

2004 मध्ये विप्रोने टोयोटाच्या कारखान्यांकडे बघायला सुरुवात केली. टी. के. कुरियन यांच्या हाताखालच्या बीपीओ विभागात आणि सॉफ्टवेअरच्या काही प्रकल्पांतही मोटारीच्या कारखान्यातली लीन पद्धत आणायचं ठरलं. लिहिण्या-विचार करण्याच्या कामाला कारखान्याची शिस्त लावायची म्हटल्यावर इंजिनियर बिचकले, आणि ते साहजिक होतं. या प्रयोगाची नोंद हार्वर्डच्या ब्रॅडली स्टाट्स आणि डेव्हिड अप्टन यांनी जवळून घेतली. त्यांनी वर्णन केलेलं चित्र घड्याळ घेऊन मागे उभ्या असलेल्या मुकादमाचं नाही. गट एकत्र बसून काम गिऱ्हाइकाच्या मागणीपासून त्याच्या हाती पडेपर्यंत कोणकोणत्या टेबलांवरून जातं ते काढतो, आणि ते कुठे नुसतं पडून राहतं त्यावर खूण करतो. कोणता भाग कोणत्या भागावर अवलंबून आहे याचा चौकटींचा तक्ता करून लिहिण्याचा क्रम ठरवतो. सगळ्यांना दिसेल असा फलक भिंतीवर लागतो, त्यावर आज कोणाचं काम कुठे अडलं हे असतं. नवखा मुलगाही फलकाकडे बघून विचारू शकतो की हे तीन दिवस इथेच का आहे. 2011 मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह छापलेल्या अभ्यासात लीन पद्धतीचे प्रकल्प इतरांपेक्षा बहुतेक कसोट्यांवर सरस ठरले. बहुतेक, सगळ्या नव्हे. हा शब्द त्यांनी प्रामाणिकपणे ठेवला आहे.

वर्षानुवर्षं मोजमापाला कामगार आणि इंजिनियर भितात ते उगाच नाही. तीन मागांच्या वेळी मापाचा आकडा वरच्या मजल्यावर जायचा आणि खाली हुकूम यायचा. फलकावरचा आकडा ज्याच्या कामाचा त्याच्याच डोळ्यांसमोर असतो, आणि त्याला त्यावर भांडता येतं. बाजारात रुमाल काढून उघड लिलाव आला तेव्हा हेच घडलं होतं.

आज जळगाव, धुळे, शिरपूर, बांभोरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी निघणारी मुलं-मुली पुण्याच्या हिंजवडीत, खराडीत, बंगळुरूत कामाला जातात. भुईमूग-कापूस पिकवणाऱ्या घरांतली ही पिढी दर आठवड्याला टाइमशीट भरते: अमुक कामावर इतके तास, तमुकवर तितके. आता त्यात संगणकावर किती वेळ हालचाल झाली हे टिपणारी साधनंही आली आहेत. कळ दाबली गेली की माणूस काम करतोय, आणि खिडकीबाहेर बघत अडलेलं गणित सोडवत असला तर रिकामा. सत्तर-ऐंशी वर्षांत इतकं शिकून झाल्यावर पुन्हा वजनाच्या काट्याकडे जाणं मला अतिशय क्लेशकारक वाटतं. ज्या घरात कडत्याच्या गोष्टी आजोबांनी सांगितलेल्या आहेत, तिथल्या मुलांना तरी हा काटा ओळखता यावा.

अमळनेरमध्ये या सगळ्या प्रवासाचं आणखी एक माप घराघरांत जपून ठेवलेलं होतं, शेअरच्या कागदांच्या रूपात. गावातल्या अनेक घरांनी वनस्पती कारखान्याचे शेअर घेतले होते आणि ते विकले नाहीत. तेलाची कंपनी संगणकाची झाली, तशी बोनस आणि विभाजनाने कागदांची संख्या वाढत गेली. 1997 मध्ये एकाला दोन बोनस, 1999 मध्ये दहाचे पाच तुकडे, 2004 मध्ये पुन्हा एकाला दोन, 2005 मध्ये एकाला एक, 2010 मध्ये तिनाला दोन. 1997 च्या सुरुवातीला हातात असलेल्या एका शेअरचे 2010 नंतर दीडशे झाले. पुढे 2013 मध्ये कंपनीने आपला संसार वेगळा केला. सॉफ्टवेअर विप्रो लिमिटेडमध्ये राहिलं. साबण, तेल, दिवे, हायड्रॉलिक्स आणि त्यांच्याबरोबर अमळनेरचा मूळ कारखाना विप्रो एंटरप्रायझेस या नव्या, बाजारात नोंद नसलेल्या कंपनीकडे गेला. भागधारकांसमोर पर्याय ठेवले गेले: पाच शेअरमागे नव्या कंपनीचा एक शेअर घ्या, नाहीतर त्याऐवजी परतफेडीचे प्रेफरन्स शेअर किंवा विप्रोचेच आणखी शेअर घ्या. ज्यांच्या आजोबांनी भुईमुगाच्या कारखान्यात शंभर रुपये घातले होते, त्या अमळनेरकरांनी त्या वर्षी अर्ज समोर ठेवून कोणता कागद ठेवायचा याचा हिशोब केला.